भट्टीला बाहेरची हवा

मंडळी, आज शुक्रवारची सुट्टी सत्कारणी लागली. कुणाला तरी सांगायचंय, म्हणून ग्रुपवर लिहितोय.

इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी हौसेनं लाकूडकाम करतो आणि छोट्या गॅसभट्टीत पितळ वितळवून दारांच्या मुठी ओततो. भट्टीचा पंखा खोलीतलीच हवा ओढायचा, म्हणजे रंध्याचा सगळा भुसाही. ज्योत पिवळी पडून फडफडायची. हवा खेळावी म्हणून आतलं दार उघडं ठेवलं, तर भुसा थेट स्वयंपाकघरात! मग बायको, सुनंदा, माझा यथेच्छ उद्धार करायची.

आज मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतून पाइप आणला, भिंतीला भोक पाडलं आणि पंख्याला बाहेरची हवा जोडून दिली. वाळू शिरू नये म्हणून पाइपच्या तोंडाला एसीची जुनी जाळी बांधली. धुराडं आधीपासून होतंच. आतलं दार लावून भट्टी पेटवली. ज्योत निळी, एकदम स्थिर!

मी ओरडलो, "अगं, लवकर ये, बघ!"

सुनंदा जूनपासून पुण्यात आहे, मुलीच्या कॉलेजसाठी.

मग फोन लावला. मुलीनं उचलला. माझं सगळं भट्टीपुराण ऐकून म्हणाली, "सुपर, बाबा! बट हूज इन द किचन नाऊ?"

खलास.

रिकाम्या घरात तुम्हीही अशा हाका मारता का हो? मी तर ते दार परत उघडून बसलोय. उडू दे भुसा.