बंगलोरला नेलेला कूलर

ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी कूलर चढला. बंगलोरला लोक मे महिन्यातसुद्धा पांघरूण घेऊन झोपतात, असं श्रीकांत, माझा नवरा, चार दिवस कानीकपाळी ओरडून सांगत होता. मी ऐकलं नाही. नागपूरच्या मुलीला उन्हाळा कसा काढायचा हे मूळच्या पुण्याच्या माणसानं शिकवावं, हे काही मला मंजूर नव्हतं. त्र्याण्णवचा एप्रिल होता. स्टेशनवर आईनं तीन वर्षांच्या मीनूच्या फ्रॉकच्या खिशात कांदा ठेवला, ऊन लागू नये म्हणून, आणि मला बजावलं, "दहाच्या आत दारं-खिडक्या लावून घेत जा. झळ एकदा घरात शिरली की संध्याकाळपर्यंत निघत नाही." गाडी हलली तेव्हा बाबा पाण्याची बाटली भरायला गेले होते, आणि ती बाटली त्यांच्याच हातात राहिली.

चामराजपेटेत आम्हाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. वर घरमालकीण राहायच्या, शांताक्का. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून याच गावातलं. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत निम्मं कानडी मिसळलेलं असायचं. श्रीकांत सकाळी सातला कंपनीच्या बसनं बोम्मसंद्र्याला कारखान्यात जायचा, तो दिवेलागणीनंतर परत यायचा. मधले बारा तास मी आणि मीनू.

मी दहाच्या आत खिडक्या लावायला लागले. कूलर खिडकीत बसवला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं, पडदे ओढले. खोलीत अंधार झाला आणि ओल्या वाळ्याचा वास सुटला, की मला दोन तास नागपुरात असल्यासारखं वाटायचं. बाहेर त्याच वेळी गल्लीतल्या बायका पायरीवर ऊन खात भाजी निवडत बसलेल्या असायच्या. शांताक्का एकदा दार वाजवून म्हणाल्या, "अम्मा, दार लावून का बसलीस गं? स्वल्प हवा येऊ दे की." मी हसून "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हटलं आणि दार लावून घेतलं. मला येणारं निम्मं कानडी त्यातच संपलं.

जून आला. सूर्य आठ-आठ दिवस दिसेना. नागपूरला ऊन अंगणात कुठवर आलं यावरून मी स्वयंपाकाला लागायचे. इथं सकाळच्या दहाला आणि दुपारच्या चारला उजेड सारखाच. कूलर बंद झाला, पण खिडक्या बंदच राहिल्या, कारण आता मला गार वाऱ्याची धास्ती वाटायला लागली होती. आईचं पत्र आलं, पोरीला वारा लागू देऊ नकोस. मीनूला जुलै महिन्यात स्वेटर आणि कानटोपी. कपडे वाळत नसत म्हणून आत दोऱ्या बांधल्या, आणि त्या ओल्या साड्यांखालून वाकून आम्ही दोघी या खोलीतून त्या खोलीत जायचो. बाहेर गेले तर बोलायचं कोणाशी आणि कसं, म्हणून मी बाहेर जात नव्हते. बाहेर जात नव्हते म्हणून भाषा येत नव्हती. कोणी मला कोंडलं नव्हतं. कडी आतूनच होती, आणि हेच कोणाला सांगायची सोय नव्हती.

मीनू खोकायला लागली. आधी सर्दी, मग छातीत घरघर, मग श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. तिला आडवं निजवलं की ती घाबरायची, म्हणून ती माझ्या छातीला टेकून बसूनच झोपायची. दोनदा रिक्षानं दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी विचारलं, घर हवेशीर आहे का, कुठं ओल वगैरे? मी ठसक्यात सांगितलं, घर एकदम छान ठेवलंय, वाऱ्याचा झोत म्हणून लागू देत नाही.

मग मीच निदान केलं. हिला इथली हवा मानवत नाही, नागपूरच्या कोरड्या हवेत पोर चार दिवसांत बरी होईल. श्रीकांत म्हणाला, "वर्षभर राहा तिकडं, मग बघू." त्या "मग बघू"चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. मी बाबांना पत्र टाकलं, न्यायला या. पत्र पेटीत टाकून परतताना चालायला कितीतरी हलकं वाटत होतं. मीनू बरी व्हायला हवी होती, यात शंका नको. पण ती नागपूरला जाऊन बरी व्हायला हवी होती.

बाबांचं उत्तर आलं, परतीची दोन तिकिटं काढूनच येतो, माझं आणि तुझं. त्याच दिवशी शांताक्का मीनूसाठी काढा घेऊन खाली आल्या. आत आल्या आणि दारातच थबकल्या. "कसला वास हा?" मला वास येतच नव्हता. त्यांनी मला हाताशी घेऊन कपाट ओढलं. मागची भिंत माझ्या कमरेपर्यंत काळी झाली होती. बुरशी बोटांनी खरवडून निघत होती. खालच्या गाद्यांनाही तिचे ठिपके. मीनूची उशी बरोबर त्या भिंतीला लागून असायची.

"काय केलीस अम्मा हे? मूल ह्यात झोपतंय."

खिडक्यांची लाकडं फुगली होती. त्यांनी वरून दगडी बत्ता आणला आणि ठोकून ठोकून दोन्ही उघडल्या. गाद्या गच्चीवर गेल्या, दोऱ्या निघाल्या, भिंती घासून चुना लागला, आणि तोवर मीनू वर त्यांच्या खोलीत झोपली. डॉक्टरांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी केसपेपर ओढून त्यावर 'घरात ओल' एवढंच लिहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठ दिवसांत शिट्टी थांबली.

नवव्या दिवशी बाबा आले. आजारी नात बघायच्या तयारीनं आले होते, आणि नात गच्चीवर शांताक्कांच्या मागंमागं "अज्जी, अज्जी" करत पळत होती. माझी बांधलेली बॅग कोपऱ्यात होती. ती बाबांनी पाहिली, श्रीकांतनंही पाहिली. बाबा चार दिवस राहिले. दुपारी पंख्याशिवाय झोप लागते याचंच त्यांना अप्रूप.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि बाबा दोघंच चहा घेत होतो. ते म्हणाले, "पोरगी तर चांगली खेळून राहिली, बेटा. आता तुझं सांग. यायचं का तुला?"

मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी नेलं असतं. पण पोरीचं दुखणं गेल्यावर माझ्याकडं उरलं होतं ते नुसतं माझं वाटणं, आणि नुसत्या वाटण्यावरून आमच्या घरातली बाई कधी कुठून परत आली नव्हती. मी म्हटलं, "साखर बरोबर आहे ना चहात?"

ते "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर माझं तिकीट त्यांनी स्वतः खिडकीवर जाऊन रद्द केलं आणि डब्यात चढताना म्हणाले, "हवा मात्र चांगली आहे बरं इथली." त्यांना माझी समजूत घालायची असणार. मला शिक्षा ऐकल्यासारखं झालं.

या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली. नागपूरच्या मैत्रिणी पत्रात विचारतात, रुळलीस का? रुळले. भाजीवाल्याशी कानडीत भांडते, खिडक्या उघड्या टाकून झोपते. आमच्यासारखे आता पुण्या-मुंबईकडून कितीतरी येतात, कॉम्प्युटरवाले, नव्या सुना, कडेवर लहान मुलं. त्यांना मी आधी घरातली कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढायला लावते. मीनू धडधाकट आहे, शाळेत धावण्याच्या शर्यतीत असते. तिचं घर हेच. माझं कुठलं, असं कोणी विचारलं तर मीही हेच सांगते, आणि ते खोटं नाही. फक्त, मला ते एकदाच कोणी मनापासून विचारलं होतं, आणि तेव्हा मी साखरेचं बोलले.