खंडेनवमीचा अपडेट

चाकणच्या त्या कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर होते. कंपनी गाड्यांचे सुटे भाग करायची आणि मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचे. पगार एजन्सीकडून, गेटपास वेगळ्या रंगाचा, आणि दरवर्षी थोड्या दिवसांचा ‘ब्रेक’, म्हणजे हिची नोकरी सलग झाली असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये. सांगवीहून बस बदलत बदलत जायचे. आई लातूरहून फोन करायची तेव्हा ‘जेवलीस का’ हे नंतर, आधी ‘पर्मनंट झालीस का’. त्या वर्षी मी तिला दिवाळीचा वायदा दिला होता. प्लांटच्या मॅनेजरसाहेबांनी स्वतःच सांगितलं होतं, लेबलच्या कॉम्प्युटरचा अपडेट नीट पार पडू दे, तुमचं नाव वर पाठवतो.

लेबलचा कॉम्प्युटर लाइनच्या टोकाला असायचा. प्रत्येक खोक्यावरचं बारकोडचं लेबल तोच छापायचा, आणि लेबल नसेल तर खोकं ट्रकमध्ये चढत नसे. त्यामुळे त्याला हात लावू द्यायला कुणी तयार नव्हतं आणि तो वर्षानुवर्षं तसाच शिळा होत चालला होता. शेवटी ठरलं की खंडेनवमी-दसऱ्याला लाइन बंद असते, तेव्हा करा. मी आदल्या संध्याकाळी अपडेट चालू केला. मॉनिटरवर कागद चिकटवला, ‘काम चालू आहे, बंद करू नये’. एवढ्यावर न थांबता मेंटेनन्सच्या सुपरवायझरना तोंडीही सांगितलं. ते तिथल्याच गावचे. घरची जमीन कारखान्यात गेली म्हणून पहिल्या दिवसापासून पर्मनंट. व्हय व्हय म्हणाले आणि झेंडूची पोती उतरवून घ्यायला गेले.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. पूजेच्या वेळी यंत्र फिरतं ठेवत नाहीत, कुणाचा हात जायचा. रीत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण सुपरवायझरांनी एकेक यंत्र बंद करायच्या ऐवजी सगळ्या लाइनचा मेन स्विच खाली ओढला, आणि माझा कॉम्प्युटर त्याच बोर्डावर होता. इतक्या वर्षांचं साचलेलं, त्यामुळे रात्रभर चालूनही अपडेट अर्ध्यावरच होता. सुट्टी संपवून मी आले तेव्हा माझ्या कागदावरून माळ घातलेली होती आणि कुंकवाचं बोट नेमकं पॉवरच्या बटणावर उमटलं होतं.

पहिल्या शिफ्टला लाइन सुरू झाली. भाग तयार होऊन येऊ लागले, लेबल एकही निघेना. बाहेर ट्रक उभे. राहिलेला अपडेट पुरा करायची कमांड मी दिली तर पडद्यावर पॅकेज मॅनेजरची एकच ओळ: दुसऱ्या कुणीतरी कुलूप घेतलं आहे, वाट पाहत आहे. पॅकेज मॅनेजर म्हणजे कॉम्प्युटरचा स्टोअर कीपर. नवे प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेजं, आणायचे, जागेवर लावायचे, जुने काढायचे, हे सगळं त्याच्याकडे. एक जण स्टोअरमध्ये शिरला की आतून कडी लावतो, दुसऱ्याला तोवर दाराशी थांबावं लागतं. आता आत कोण होतं, हे मला शोधायचं होतं.

साहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. रीस्टार्ट करा ना मॅडम, म्हणाले. थोड्या वेळाने परत तेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कॉम्प्युटरमधलं हे एवढं एकच औषध माहीत असतं. ज्याने रोग झाला तेच पुन्हा पाजायचं. इंटरनेटवरचे शहाणे म्हणत होते, कुलपाची फाइल उडवून टाका. उडवली असती आणि आत खरंच कुणी काम करत असतं, तर होतं नव्हतं तेही गेलं असतं. मी दोघांचंही ऐकलं नाही.

आत होता तो कॉम्प्युटरचा आपोआप चालणारा अपडेट. वीज परत आल्यावर त्याने आपल्या मनाने काम हाती घेतलं होतं आणि प्रिंटरच्या पॅकेजपाशी अडून बसला होता. तो एक प्रश्न विचारत होता, पण आपोआप चालणारं काम पडद्याआड चालतं, त्यामुळे त्याचा प्रश्न मॉनिटरवर कुणाला दिसतच नव्हता. उत्तर येईना, आणि तो हलेना. मी त्याला थांबवला, कुलूप सुटलं, अर्धवट राहिलेली पॅकेजं हाताने पुन्हा लावायला घेतली. मग तो प्रश्न माझ्यासमोर आला: जुनी सेटिंग ठेवू की नवी घालू? काहीच न सांगितल्यास जुनी ठेवीन. जुनी सेटिंग मीच बसवलेली होती. तीच ठेवली. बाकीची पॅकेजं सरळ लागत गेली आणि प्रिंटर खरखरून पहिलं लेबल बाहेर आलं. लाइनवरच्या मुली टाळ्या वाजवून हसल्या. मला त्या क्षणी फार आनंद झाला होता, हे कबूल करते. आता दिवाळी आपली, असंच वाटलं.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझर तिथंच बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही. आपणहून म्हणाले, “व्हय, मीच मेन वडला. पूजेला मशीन चालू ठिवत न्हाईत आमी. तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्याचं ध्यानातच आलं न्हाई.” माणूस वाईट नव्हता. मला उगाच धीर आला. साहेबांनी त्यांना जायला सांगितलं आणि हेड ऑफिसला नुकताच गेलेला मेल मला दाखवला. ट्रक का अडले, याचं कारण एका वाक्यात होतं: कॉन्ट्रॅक्टवरील कॉम्प्युटर सपोर्टने अपडेटचं नियोजन नीट केलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर चोर स्वतःहून कबूल करून गेला होता.

मी विचारलं, माझ्या पर्मनंटचं काय? ते म्हणाले, या मेलनंतर लगेच तुमचं नाव कसं पाठवू, तुम्हीच सांगा. पुढच्या वर्षी बघू. माझा आवाज चढला. बंद कुणी केलं हे तुमच्यासमोर सांगितलंय त्यांनी, मग माझंच नाव का?

साहेब रागावले नाहीत. उलट धाकट्या बहिणीला समजवावं तसे हळू बोलले.

“मॅडम, त्यांच्या नावावर घातलं तर चौकशी लागते. माणूस पर्मनंट आहे, रेकॉर्ड खराब होतं. तुमचं इथे रेकॉर्डच कुठे आहे?”

मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.