खोल पाण्यात बुडवलेलं जाळं

भिगवणला धरणाच्या फुगवट्यावर मी पहिल्यांदा गेले ती पक्षी बघायला, आणि गेल्या गेल्या तिथल्या एका माणसाला शिकवून आले. बारामतीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं प्राणिशास्त्र शिकवून मला ती खोडच जडली आहे. समोरच्यानं विचारलेलं असो वा नसो, मी सांगून मोकळी होते. घरी सगळे त्यावरून माझी टिंगल करतात. त्या दिवशी मला कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं.

झालं असं, की काठाच्या चिखलात एक शेकाट्या पक्षी फडफडत होता. त्याच्या लांब गुलाबी पायांना हिरव्या नायलॉनचा गुंता पडला होता. पन्नाशीच्या एका मच्छीमारानं त्याला हलकेच छातीशी धरलं आणि ब्लेडनं एकेक धागा कापून सोडवलं. सगळे त्यांना तात्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागले. फाटलेलं जाळं सांधताना कापलेले तुकडे तिथं काठावरच पडायचे, सगळ्यांचेच. मी लगेच म्हणाले, "तात्या, हे काठावर टाकू नका. पाखरांच्या पायात येतं."

"मग कुठं टाकू?"

"कुठंही टाका, पाखरं चालतात तिथं नको." एवढं बोलून मी दुर्बीण डोळ्याला लावली.

तात्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या हिवाळ्यात गेले तर काठ लख्ख. आपले आणि शेजारपाजाऱ्यांचेही तुकडे, जुनी जाळी, सगळं गोळा करून ते मोठ्या दगडाला गुंडाळायचे आणि होडीतून नेऊन खोल पाण्यात सोडायचे. "खोलात पाखरू जात न्हाय, मॅडम," ते म्हणाले. मी इतकी खूश झाले की दरवर्षी मुलांची सहल नेऊन त्यांना हे दाखवू लागले. वह्या काढून मुलं लिहून घ्यायची.

मधे बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी तात्या कातावलेले दिसले. मासळीला वास येतो म्हणून हॉटेलवाले मच्छीमारांनाच बोलत होते, तुम्हीच पाणी घाण करता म्हणत होते. तात्यांना ते फार लागलं होतं. "वरनं शहराची घाण येती ती दिसत न्हाय व्हय कुणाला? आमी ह्या पाण्यात साधी पुडी टाकली न्हाय आजवर." त्यांनी पाच-सहा चिलापी मासे पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. "तुमच्या कॉलेजात बघा ह्यांच्या पोटात काय हाय. आन् कागदावर लिहून द्या. एकेकाच्या तोंडावर धरतो."

मलाही उत्साह आला. आतडी काढली, रसायनात विरघळवली, गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पिशव्यांचे कपचे होते, कपड्यांचे तंतू होते, कशाकशाचे पांढरे कण होते. शहराची घाण होतीच. पण सगळ्यांत जास्त होते ते हिरवे धागे, पापणीच्या केसाहून बारीक. मी काच बदलली, मासा बदलला. तेच.

मला कळलं होतं, तरी पंधरा दिवस मी तात्यांचा फोन उचलला नाही. शेवटी तेच एसटीनं आले, इस्त्रीचा सदरा घालून, कागद न्यायला. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ बघितलं. तो हिरवा रंग जन्मभर त्यांच्या हातातून गेलेला.

"हे तर आमचंच हाय," ते म्हणाले. "पर आमी तर बुडवत व्हतो."

बुडवलेलं संपत नाही, ते झिजत जातं, हे मी त्यांना सांगितलं. बारीक मासे त्याला खाणं समजतात, पोट त्यानंच भरतं आणि ते उपाशी राहतात, आणि असे मासे पुढं पाखरंच खातात, हेही सांगितलं. आणि मग मी म्हणाले, की बुडवायला मीच भाग पाडलं तुम्हाला. त्यांचं लक्षच नव्हतं. "पाणी उतरलं की काढू सगळं," एवढंच ते म्हणाले. कागद त्यांनी मागितला नाही.

मे महिन्यात पाणी पार आत गेलं. सकाळीच आम्ही भेगाळलेल्या गाळातून चालत निघालो. तात्यांना जागा पाठ होत्या. पहिला दगड दिसताच ते जवळजवळ पळतच गेले, गुडघ्यांवर बसले आणि गुंडाळलेलं जाळं त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं.

ते हातात आलंच नाही. त्याचा भुगा झाला. पाण्यात झिजून आणि पाणी आटलेल्या उन्हाळ्यांत तापून ते पार ठिसूळ झालं होतं. वाऱ्यानं हिरवी कुसळं उडून ओल्या गाळावर बसली. दुसऱ्या दगडाला तेच. काही दगडांवर तर नुसता हिरवट डाग उरला होता. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि नखांनी एकेक धागा वेचायला घेतला. मीही बसले. दोन तास वेचून मूठभर जमलं. मला रडू आलं, पण त्यांच्यापुढं मला रडायचं नव्हतं.

ऊन डोक्यावर आल्यावर ते मला घरी जेवायला घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं तीन ताटं वाढली. त्या दोघांच्या ताटात चिलापीचं कालवण होतं, माझ्या ताटात पिठलं.

मी काही विचारायच्या आतच त्या ओशाळून म्हणाल्या, "हे म्हणाले, मॅडमला मासं वाढू नगं."

"त्यांनी बघितलंय आत काय हाय ते," तात्या म्हणाले. रागानं नाही, साधेपणानं.

"आणि तुम्ही?"

"आमी दुसरं काय खाणार?" त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि जेवू लागले.

मलाही वाढा, असं म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी म्हणाले नाही. खाली मान घालून मी पिठलं संपवलं.