बाहुल्यांच्या तळ्यातलं पाणी

बायकोलाही हे कधी सांगितलेलं नाही. म्हैसूरचे माझे घरमालक रावकाका डेंग्यूने गेले, तेव्हा डासांच्या अळ्या माझ्या परातीत होत्या.

नोकरीमुळे बन्नीमंटपजवळ त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दसऱ्याला खाली गोंबे (पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या) असत. त्यांच्यापुढे परातीत तळं करायचं काम माझं. सणानंतर परात मी पाण्यासकट गच्चीवर ठेवली नि विसरलो. काका गेल्यावर पाहिलं, तर पाण्यात वळवळ. ते ओतून टाकलं आणि गप्प बसलो. काकूंनी दोष शेजारच्या सरोजम्मांच्या कुंड्यांना दिला. पुढे माझी पुण्याला बदली झाली.

यंदा मुद्दाम गेलो. दसरा नुकताच संपला होता. रस्त्यावरच्या दिव्यांच्या माळा उतरवत होते.

"पॅलेसा, सार?" रिक्षावाल्याने विचारलं. मी गल्ली सांगितली. जवळचं भाडं म्हणून त्याचा चेहरा पडला.

गल्लीत प्रत्येक खिडकीला जाळी. घर ओळखूच आलं नाही, पुढे जाऊन परत फिरलो. काकू राजा-राणीच्या बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळत होत्या.

"अय्यो, पुण्याचा पोरगा! केस कुठं ठेवून आलास रे?"

समोर बिसिबेळे भात (डाळ-भाज्यांचा तिखट, गरम भात) आला. बाहुल्यांपुढे तळं नव्हतं.

"तळं करत नाही आता?"

"बेड (नको) रे. ह्यांच्या मागं नाही केलं."

मग मी सांगून टाकलं. काकूंचा हात राजावर थांबला.

"अर्थात, कुठल्या पाण्यातला डास चावला, ते कुणालाच..." मी म्हणालो.

"ते राहू दे. सरोजानं माझ्यासमोर सगळ्या कुंड्या फोडल्या. तरी मी तिच्याशी बोलले नाही. सुम्मने (उगीच)."

"मी जाऊन सांगतो त्यांना."

"कुठं जातोस? ती हुणसूरला लेकीकडं असते. भात संपव आधी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जाशील तर तुझं तू सांग. माझं मी सांगेन."

स्टँडवर हुणसूरची बस उभी होती. कंडक्टरने दोनदा माझ्याकडे पाहिलं. माझं रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं. मी स्टेशनकडे वळलो.

काकूंना सांगून झालं, पण हलकं काही वाटलं नाही. सरोजम्मांची माफी मागायची अजून राहिली आहे.