सिस्टरबाईंचं पदक

कुणीही घरी आलं की सिस्टरबाई आधी म्हणायच्या, "हात द्या." नाडी बघून झाली की मग चहाचं विचारायच्या. शनवारा मोहल्ल्यात आमच्या समोरच त्या राहत. मुलांनो, तुमच्या आईचीही नाडी त्यांनी कितीदा बघितली आहे.

लग्नाआधी त्या लष्करात नर्स होत्या. एकाहत्तरच्या लढाईत जखमी जवानांची शुश्रूषा केली, त्याचं पदक होतं त्यांच्याकडे. नवरा, म्हणजे अण्णा, केळीचे दलाल. बंदूक त्यांनी जत्रेत फुगे फोडण्यापुरती धरली असेल.

एकदा विजय दिवसाच्या आधी पेपरचा वार्ताहर आला. सिस्टरबाईंनी पदक पदराला लावलं आणि तासभर सगळं सांगितलं. फोटो काढताना तो म्हणाला, "आजी, थोडं रडल्यासारखं करा ना."

"मी तिथं रडत बसले असते तर माणसं मेली असती, भैया."

फोटो छापून आला. खाली ओळ होती: शहीद पतीच्या पदकासह वीरपत्नी. त्या वेळी शहीद अण्णा ओट्यावर दात घासत होते. गल्ली हसून लोटपोट झाली. सिस्टरबाई हसल्या नाहीत. पेपरच्या कचेरीत जाऊन म्हणाल्या, "माझं नाव आणि माझं काम छापा. एवढंच."

पेपरने चूक सुधारली: वीर जवान हयात.

पुढच्या वर्षी सत्कारात अण्णांना शाल मिळाली आणि सिस्टरबाईंची खणानारळाने ओटी भरली. मी अण्णांना म्हटलं, "अहो, खरं सांगा की!"

"जाऊ द्या ना वहिनी. नवरा-बायकोत काय तुझं-माझं?"

मग दरवर्षी अण्णा माइकवर सांगू लागले, "आमच्या तंबूत एक पोरगा होता. त्याचा डावा पाय कापावा लागला. मी त्याचा हात धरून होतो..."

"उजवा," मांडीवर नारळ धरून बसलेल्या सिस्टरबाई एकदा हळूच म्हणाल्या.

मंडप कौतुकाने हसला. "क्या बात है! बायकोलाही पाठ आहे."

त्या गेल्या, तेव्हा मथळा आला: माजी सैनिकास पत्नीशोक. फोटोही अण्णांचाच.

दहाव्याला एक नवी वार्ताहर मुलगी आली. तिने विचारलं, "काकू काय करायच्या?"

मी अण्णांकडे बघत राहिले. आता तरी बोलतील.

अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. "काही नाही. घरीच असायची."