टेप एक कोण, टेप दोन कोण

सतरा वर्षं फौजेत सिग्नलला काढून मानसिंग घोरपडे मलकापुरात स्थिरावला आणि कराडजवळच्या एका साखर कारखान्यात संगणक सांभाळायला लागला. फौजेनं छळलं नसेल तेवढं त्याला तिथल्या दोन टेपयंत्रांनी छळलं.

यंत्रं जुळ्या भावांसारखी. ‘टेप एक’मधल्या कॅसेटवर रोज दुपारी दोनला कचेरीच्या कामाची नक्कल उतरायची, कालची पुसून आजची. ‘टेप दोन’मध्ये यंदाची ऊसनोंद होती: कुणाची लागण कवाची, तोड कुणाची आधी. मूळ डिस्क जळालेली, म्हणजे ही कॅसेट एकुलती एक. पूर्वेकडच्या गावांची नोंद अजून तिच्यावर चढायची होती, म्हणून ती काढून कपाटात ठेवता येईना.

खोट एकच. वीज लुकलुकली की सर्व्हर, म्हणजे मुख्य संगणक, नव्यानं उठून जाळ्यावर दोन्ही यंत्रांना हाक मारायचा. आधी ओ देईल ते यंत्र टेप एक! कालचा धाकटा आज थोरला. मानसिंग दोन्हींवरचे स्टिकर काढून अदलाबदल करून डकवायचा आणि आतल्या कॅसेटीही बदलायचा.

“आवं काका,” शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणायची, “किती बारशी घालायची ही? पेढं तरी वाटा!”

गुरुवारी मानसिंग भाकरी खायला गेला आणि तेवढ्यात वीज लुकलुकली. तो परतला तेव्हा दोन वाजत होते आणि ऊसनोंदीचं यंत्र घरघरत होतं.

“रेश्मा, तार उपट!”

“कुठली?”

“दोनी!”

कॅसेट अजून मागं गुंडाळत होती. पुसणं सुरू व्हायचं होतं, म्हणून नोंद वाचली. धावत आलेले व्यवस्थापक वीरधवलसाहेब म्हणाले, “स्टिकर जरा ठळक लावत जा.”

“साहेब, स्टिकर आपुन वाचतो. सर्व्हरला डोळं हायत का?”

यंत्राच्या कंपनीला फोन केला. चार वेळा एकच सल्ला, बंद करून चालू करा. अहो, रोगच तो!

वैतागून बसल्या बसल्या त्याला आपली पलटण आठवली. तिथं मानसिंग तिघं. हजेरीच्या गिनतीत रांगेत पुढं उभा राहील तो मानसिंग पहिला, म्हणून एकाची पत्रं दुसऱ्याला जायची, आणि दुसरा ती वाचायचासुद्धा. शेवटी सुभेदारानं फौजी नंबराचे शेवटचे आकडे धरले. आपला मानसिंग झाला ‘बत्तीस मानसिंग’. रांगेत कुठंही उभा राहो, बत्तीस तो बत्तीस.

यंत्रांनाही पाठीवर कोरलेला जन्मनंबर होताच. दोन दिवस डोकं आपटून त्यानं तो सर्व्हरात पक्का केला: या नंबराचा तो टेप एक, त्या नंबराचा टेप दोन, ओ कुणीही आधी देवो. मग पाच वेळा वीज तोडून पाहिली. नावं हलली नाहीत.

सोमवारी टेप एक बिघडलं. कंपनीच्या माणसानं तिथं नवं यंत्र बसवलं आणि न सांगता निघून गेला. दोन वाजता पडद्यावर उमटलं: टेप एक सापडत नाही.

वीरधवलसाहेब तापले. “काय केलंत हे? आधी निदान नक्कल तरी होत होती!”

“व्हय, होत होती. कुणाच्या उरावर, एवढंच सर्व्हर इचारत नव्हता. आज अनोळखी गडी दिसला, तर गप बसला. ऊसनोंदीला हात न्हाई लावला.”

साहेब पुटपुटत गेले. मानसिंग बॅटरी घेऊन नव्या यंत्रामागं गुडघ्यांवर बसला आणि जन्मनंबराचे बारीक आकडे वाचू लागला. रेश्मा उतरवून घेत होती.

“काका, शेवटचा तीन का आठ?”

“थांब की बाई! चष्म्यावर धूळ हाय... आठ. न्हाई, थांब. तीन!”

“नक्की सांगा हं. बारसं एकदाच.”

त्यानं नव्या यंत्राच्या खोक्यातला मऊ कागद घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचायला सुरुवात केली.