मानेवरची चकती

मार्लीन स्टॉफ्लेट बावीस वर्षं शाळेच्या कुस्त्यांना टॉवेल मारत आली होती. क्रेसव्हिलमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुस्ती रंगली की असा गलका होतो, की फेरी संपल्याचा भोंगा मॅटवर ओणवलेल्या पंचाला ऐकूच जात नाही. म्हणून मॅटच्या कडेला कुणीतरी गुंडाळलेला टॉवेल घेऊन गुडघ्यावर बसतं आणि घड्याळ शून्यावर आलं की पंचाच्या पाठीत एक फटका देतं. मार्लीनचा फटका कधी आधी पडला नाही, कधी उशिरा पडला नाही. "घड्याळ बिघडलं तरी चालेल, मार्लीन आजारी पडता कामा नये," असं म्हातारा पंच अर्ल ट्रान्स्यू म्हणायचा. अर्ल रविवारी तिच्याच चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा.

दिवसा ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात असायची. मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं, पण अठराव्या वर्षी वडिलांच्या छातीत खाणीची धूळ बसली आणि तिनं हातात झारा घेतला तो घेतलाच. नवरा लेरॉय लोकांच्या छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरश्या बसवायचा. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर वेड झाला. देवानं उशिरा दिला म्हणून दोघांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं.

वेड शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि त्या हंगामात एकशे बावन्न पौंड वजनाच्या गटात सत्तावीस कुस्त्या खेळून सत्तावीस जिंकला होता. अभ्यासातही पुढे. जानेवारीत एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजचा कुस्तीचा कोच त्यांच्या घरी जेवायला आला. ज्या कॉलेजात शंभर पोरांनी अर्ज केला तर पाच-सहा घेतात, तसं ते कॉलेज. मार्लीननं चौकोनी शेवया घातलेलं चिकन केलं होतं, काकवी भरलेली गोड पेस्ट्री भाजली होती. कोच पोटभर जेवला आणि म्हणाला, "प्रवेश देणाऱ्या लोकांकडे मला पाच नावं सुचवता येतात. चार ठरलीत. पाचव्यासाठी दोघं आहेत, वेड आणि न्यू जर्सीचा एक मुलगा. दोघांचे गुण सारखेच. फेब्रुवारी संपता संपता मी नाव देईन."

"एखादी कुस्ती हरला तर बिघडतं का?" लेरॉयनं विचारलं.

कोचनं रुमालाची घडी घातली. "बिघडत काही नाही. पण हारीच्या रकान्यात शून्य बरं दिसतं."

ते शून्य मार्लीनच्या डोक्यात घर करून बसलं. कारण फेब्रुवारीत पेनहिलच्या शाळेशी सामना होता, आणि पेनहिलकडे एकशे बावन्नला दारिओ स्कार्पोनी होता. आधीच्या दोन वर्षांत वेड त्याच्याशी तीनदा हरला होता. परका असता तर गोष्ट वेगळी. पण दोघं सात वर्षांचे असल्यापासून दारिओच्या गॅरेजमधल्या फाटक्या मॅटवर एकमेकांना लोळवत आलेले. शनिवारी तो मार्लीनकडे झोपायला असायचा. "मिसेस एस, पातेलं पुसून टाकू का?" म्हणत शेवटची शेवई खरवडायचा. त्याला कुठल्याच कॉलेजात जायचं नव्हतं. जूननंतर काकाच्या हाताखाली नळदुरुस्तीला लागणार होता. वेडशी शेवटची कुस्ती, तीही भर गर्दीत, एवढीच त्याची त्या वर्षाची हौस होती.

मार्लीन आधी शाळेच्या कोचकडे गेली. हमेल कोच तिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला.

"पेनहिलच्या दिवशी वेडला वरच्या वजनगटात टाक ना. एकाच दिवसापुरतं."

"का?"

"असंच."

"मार्लीन, तुम्ही मला शाळेत दुप्पट जेवण वाढलंय म्हणून ऐकून घेतो," हमेल हसून म्हणाला. "पण माझ्याकडची पोरं लपत नाहीत."

लाज तेव्हाच वाटायला हवी होती. आला राग.

वेड म्हणाला, "हरलो तर हरलो, आई."

"आणि न्यू जर्सीवाला आत गेला तर? उन्हाळ्यात छपरावर चढशील बापासारखा?"

लेरॉय शेजारच्या खोलीत बूट काढत होता. त्याला ऐकू गेलं असणार. 

कुस्तीआधी पंच प्रत्येक पोराची कातडी तपासतो. गजकर्ण, खरूज, असलं काही दिसलं तर डॉक्टरच्या सहीशिवाय पोराला मॅटवर पाय ठेवता येत नाही. त्याची हार धरत नाहीत. हे मार्लीनला बावीस वर्षं ठाऊक होतं. आणि आणखी एक ठाऊक होतं. लहानपणी आजीनं सर्दीवर तिच्या छातीला लसूण बांधला होता, आणि तिथं टरारून फोड आला होता.

गुरुवारी सकाळी तिनं लसणाची एक मोठी पाकळी घेतली, कागदाइतकी पातळ चकती कापली, कडा नीट गोल केल्या. वेड दूध पीत होता. ती पाठीमागे उभी राहिली.

"काय आहे ते?"

"काही नाही. दुपारपर्यंत राहू दे. मग माझ्याकडे ये."

वेडनं पेला खाली ठेवला. मग त्यानं मान पुढे झुकवली. तिनं चकती ठेवून वर चिकटपट्टी लावली. पुढे कितीदा तरी तिच्या डोळ्यांपुढे ती झुकलेली मान आली. लहानपणी केस कापून घेताना झुकवायचा, अगदी तशी.

दुपारी कोठीच्या दाराआड तिनं पट्टी काढली. लालभडक, गोल, कडेनं फुगलेलं. साबणानं तीनदा धुतलं. वास तरी उरलाच. पण गुरुवार स्पॅगेटीचा, सगळ्या शाळेलाच लसणाचा वास होता.

संध्याकाळी व्यायामशाळेबाहेरच्या बोळात पोरं चड्ड्यांवर रांगेत उभी होती. मार्लीन टॉवेलांची चळत घेऊन आली. अर्ल चष्मा कपाळावरून नाकावर ओढत एकेकाची पाठ, मान, काखा बघत होता. वेडपाशी थांबला. वाकला. आणखी वाकला, अगदी नाक लागेल इतका. मग सरळ झाला आणि वेडच्या खांद्यावरून त्यानं मार्लीनकडे पाहिलं. ती टॉवेल मोजू लागली.

"गजकर्णासारखं दिसतंय," अर्ल म्हणाला. "डॉक्टरची सही आण, पोरा. आज नाही."

एकशे बावन्नचा पुकारा झाला तेव्हा दारिओ उड्या मारत मॅटवर आला. कानांवरची टोपी घट्ट केली, वर्तुळात पाय रोवून उभा राहिला. समोर कुणी नाही. अर्लनं त्याचा हात वर केला. पुढे चाल. पाहुण्यांच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "खाज सुटली का भीती?" आणि हशा पिकला. दारिओ गर्रकन वळला. "ए, गप्प बसा रे! मित्र आहे तो माझा!"

मग तो वेडपाशी येऊन बसला. "लेका, आख्खं वर्ष वाट पाहिली मी. मानेला काय झालंय बघू?" वेडनं स्वेटरची टोपी मानेवर ओढून घेतली. दारिओ मार्लीनकडे वळला. "मिसेस एस, मला पण झालं होतं हे. आईकडे जालीम मलम आहे. चार दिवसांत साफ. जिल्ह्याच्या सामन्यांना याला सोडत नाही मी."

दुसऱ्या दिवशी त्याची आई कार्मेला खरंच मलम घेऊन दारात. सोबत बदामाच्या बिस्किटांचा डबा. "पोराला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस. आमचा तर त्या वेळी रडला होता." मार्लीननं डबा घेतला. "ये ना आत," एवढंही तिला म्हणवेना.

सोमवारी डॉक्टरबाईंनी भिंगातून एकदा पाहिलं आणि भिंग बाजूला ठेवलं.

"हे गजकर्ण नाही. ही भाजल्याची जखम आहे." त्यांनी वेडच्या तोंडाकडे पाहिलं. "काय लावलंस?"

मार्लीन मांडीवरची पर्स धरून बसली होती. सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलंही होतं.

"लसूण," वेड म्हणाला. "मीच लावला."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

आणि मार्लीननं तोंड मिटलं. केलं ते एक पाप. पण दुसरं हे होतं, आणि ते पहिल्याहून जड होतं. पहिल्याला निदान मायेचं निमित्त होतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर खरं तेच लिहिलं. हमेल कोचनं तो वाचला, वेडला विचारलं. वेडनं तेच उत्तर दिलं आणि हमेलनं त्याला उरलेल्या हंगामातून काढलं. त्या संध्याकाळी वेडनं कॉलेजच्या कोचला स्वतः फोन लावला. मार्लीन मोरीपाशी भांडी तशीच धरून उभी. "एक कुस्ती मी मुद्दाम टाळली. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी सांगतो," एवढंच तो म्हणाला. पलीकडचा माणूस चांगला बोलला असावा. वेडनं दोनदा "थँक यू, सर" म्हटलं. पाचवं नाव न्यू जर्सीचं गेलं.

शनिवारी वेड न उघडलेलं मलम परत द्यायला पेनहिलला गेला. जेवायच्या वेळी परतला तो फुटलेला ओठ घेऊन.

"काय रे हे?" लेरॉय उठलाच.

"गॅरेजमध्ये. आठ-तीन."

"कोण जिंकलं?"

"कोण म्हणजे? दारिओ!" आणि वेड त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. आईकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

तो चाळीस मिनिटांवरच्या सरकारी कॉलेजात गेला. घरी त्या चकतीचं नाव कुणी काढलं नाही. गावानं मात्र काढलं. चर्चमध्ये बायका मार्लीनचा हात दाबून म्हणायच्या, "एवढी सरळ आई, आणि पोरानं असं करावं! आजकालच्या मुलांचा नेम नाही बाई." मार्लीन मान हलवायची. कर्म आपलं, नाव पोराचं, आणि वर लोकांची दया ती घेत होती. प्रभुभोजनाची भाकर पाप मनात ठेवून घेऊ नये, म्हणून रांग उठली की ती बाकावरच बसून राहायची. गुडघा दुखतो म्हणायची. गुडघ्यावर बसून टॉवेल मारणाऱ्या बाईचा गुडघा.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा पेनहिलशी सामना आला. या वेळी कार्मेलाचा धाकटा खेळणार होता. बोळात अर्ल कातडी तपासून मोकळा झाला. पोरं आत गेली. मार्लीन चळत धरून तिथंच उभी राहिली.

"अर्ल, तो लसूण माझा होता."

अर्लनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"मला ठाऊक आहे. सतरा वर्षांच्या पोरानं इतकी गोल कापली नसती."

"मग बोलला का नाहीस?"

"मी कातडी बघतो, मार्लीन. तेवढंच माझं काम." त्यानं चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "पण मला सांगून उपयोग काय? गाव नाव पोराचं घेतं."

आत बाकं भरली होती. मार्लीननं टॉवेल गुंडाळला. नेहमीसारखी मॅटच्या कडेला न बसता ती मॅटला वळसा घालून पलीकडे निघाली, पाहुण्यांच्या बाकांकडे. क्रेसव्हिलच्या बायका तिकडून बघत होत्या. तिसऱ्या पायरीवर कार्मेला बसली होती. मार्लीन येताना दिसली तशी ती हसली, कोट उचलला आणि सरकून तिला जागा करून दिली.

मार्लीन बसली नाही. टॉवेल दोन्ही हातांत धरून उभ्यानंच म्हणाली, "कार्मेला, गेल्या वर्षी तू मलम आणलं होतंस ना..."

"हो की! लागू पडलं का?"

"नाही," मार्लीन म्हणाली. मागे शिट्टी वाजली. तिनं एकदा क्रेसव्हिलच्या बाकांकडे पाहिलं आणि आवाज चढवला, गलक्यातही ऐकू जाईल इतका. "वेडनं काही केलं नव्हतं. ते मी केलं होतं."